नव्या शहरात जाताना : परवडणारं उपनगर कसं निवडावं?



दरवर्षी निकाल लागले की आपल्या हिंगोली जिल्ह्यातून शेकडो मुलंमुली बाहेर पडतात. कुणी नांदेडला, कुणी छत्रपती संभाजीनगरला, तर पुष्कळ जण थेट पुण्याला. वसमत असो, कळमनुरी असो, सेनगाव, औंढा की हिंगोली, कोणत्याही गावात विचारा, दर दोन-चार घरांमागे एखादं लेकरू 'पुण्याला रूम करून' राहत असतं.

कॉलेज कोणतं, कंपनी कोणती, पगार किती, यावर घरात आठ-आठ दिवस चर्चा होते. पण राहायचं कुठं? हा प्रश्न मात्र एका फोनवर मिटतो. "आपल्या गावचा पोरगा तिकडं आहे, त्याच्या शेजारी बघ एखादी खोली." झालं, ठरलं!

खरं तर नव्या शहरातला सगळ्यात मोठा खर्च राहण्याचाच असतो. तो चुकला की बाकीचं सगळं गणित चुकतं. आपल्याकडं एखादा मुलगा तीन-चार महिन्यांत परत आला की लोक म्हणतात, "टिकला नाही." पुष्कळदा तो कामाला कंटाळलेला नसतो, रोजच्या जाण्यायेण्याला कंटाळलेला असतो. म्हणून आज हा विषय नीट समजून घेऊ.

उपनगर म्हणजे काय?

शहर वाढतं तसं त्याच्या कडेची गावं त्याला चिकटत जातात. तिथं जागा स्वस्त असते म्हणून घरं उठतात, घरांमागे दुकानं आणि मेस येतात. यालाच आपण उपनगर म्हणतो. मुंबईत ही वाढ रेल्वेच्या रुळांवरून झाली. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर ते ठाणे पहिली गाडी धावली, पुढच्याच वर्षी रूळ कल्याणपर्यंत गेले. आज कल्याण, डोंबिवली, बदलापूर, वसई, विरार इथं लाखो लोक राहतात ते लोकलच्या जोरावर.

पुण्याची गोष्ट वेगळी. पुणं पसरलं ते रस्त्यांच्या कडेनं. नगर रस्त्यावर खराडी, वाघोली. सोलापूर रस्त्याच्या बाजूला हडपसर, मांजरी. नाशिक रस्त्यावर भोसरी, मोशी, चाकण. सिंहगड रस्त्याकडं धायरी, किरकटवाडी आणि चक्क 'नांदेड' नावाचं गावसुद्धा! २०२१ मध्ये पुणे महापालिकेच्या हद्दीत २३ गावं नव्यानं आली. वाघोली, मांजरी बुद्रुक, नऱ्हे, किरकटवाडी, नांदेड ही त्यातलीच. हद्दीत आलं म्हणजे लगेच नळ, ड्रेनेज आणि रस्ते आले असं मात्र होत नाही. स्वस्त भाड्यामागचं एक मोठं कारण तेच असतं, हे लक्षात ठेवा.

पहिला नियम : भाडं नाही, महिना मोजा

सगळ्यात महत्त्वाची गोष्ट हीच. खोली स्वस्त आहे का, असं विचारू नका. महिना कितीत पडतो, असं विचारा. एक उदाहरण सोडवून बघू. आकडे समजण्यासाठी धरलेले आहेत. तुम्ही तुमचे आकडे घाला.

समजा, तुमच्यापुढं दोन खोल्या आहेत आणि महिन्याला २५ दिवस काम आहे.

लांबची खोली : भाड्याचा वाटा ४,००० रुपये. काम २० किलोमीटरवर, म्हणजे रोज जाऊन-येऊन ४० आणि महिन्याला १,००० किलोमीटर. दुचाकी लिटरला ५० किलोमीटर देत असेल तर २० लिटर पेट्रोल. १०५ रुपये दरानं २,१०० रुपये. गाडीची देखभाल ३०० रुपये. नळाला पिण्याचं पाणी नाही म्हणून जारचे ४०० रुपये. उशीर झाला की बाहेर खाणं आलंच, त्याचे ६०० रुपये. एकूण ७,४०० रुपये.

जवळची खोली : भाड्याचा वाटा ६,००० रुपये. बसचं जाण्यायेण्याचं तिकीट रोज २० रुपये, म्हणजे ५०० रुपये. एकूण ६,५०० रुपये.

बघा, जी खोली दोन हजारांनी स्वस्त वाटत होती ती महिन्याला ९०० रुपयांनी महाग पडली. आता वेळ मोजा. लांबच्या खोलीवरून जायला सव्वा तास, यायला सव्वा तास, म्हणजे महिन्याला साडेबासष्ट तास. जवळच्या खोलीवरून पंचवीस-पंचवीस मिनिटं धरली तर सुमारे २१ तास. फरक जवळपास ४२ तासांचा! आठ तासांचा दिवस धरला तर पाच दिवस फक्त रस्त्यावर गेले. स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करणाऱ्याला किंवा नोकरी सांभाळून पुढचं शिकणाऱ्याला हे पाच दिवस कुठून मिळणार?

याचा अर्थ 'लांब म्हणजे महाग' असा नाही. कधी कधी उलटंही होतं. ते कधी, हे पुढच्या नियमात आहे.

दुसरा नियम : किलोमीटर नको, वाहन बघा

नकाशावर दहा किलोमीटर दिसतं, पण ते दहा किलोमीटर कशानं जायचं? थेट बस आहे का? दोनदा बदलावी लागते का? रात्री नऊनंतर काय मिळतं?

तळेगाव पुण्यापासून लांब आहे, पण पुणे–लोणावळा लोकलवर आहे. चिंचवड, आकुर्डी, देहूरोडही त्याच मार्गावर. काम शिवाजीनगर किंवा पुणे स्टेशनजवळ असेल तर रेल्वेचा पास पेट्रोलपेक्षा कितीतरी स्वस्त पडतो. पण मुंबईसारखी मिनिटामिनिटाला लोकल इथं नाही, म्हणून वेळापत्रक तुमच्या ड्युटीशी जुळतं का ते आधी तपासा.

मेट्रोचंही तसंच. पुण्यात मेट्रो मार्च २०२२ मध्ये सुरू झाली. पुढं एक मार्ग पिंपरी-चिंचवड ते स्वारगेट आणि दुसरा वनाझ ते रामवाडी असा पूर्ण झाला. रामवाडी नगर रस्त्यावर आहे. म्हणजे वाघोलीकडं राहणारा माणूस रामवाडीपर्यंत बसनं येऊन पुढं मेट्रो धरू शकतो. पण "इथून मेट्रो होणार आहे" असं सांगून कुणी भाडं वाढवून मागत असेल, तर आज काय चालू आहे तेवढंच मोजा. होणाऱ्या मेट्रोत आज बसता येत नाही!

म्हणून आधी कामाचं ठिकाण नक्की करा, मगच उपनगर शोधा. चाकणच्या कारखान्यात काम असेल तर मोशी, भोसरी, चाकण. हिंजवडीला असेल तर वाकड, मारुंजी. रांजणगाव, सणसवाडीला असेल तर शिक्रापूर, वाघोली. चाकणला काम आणि मित्र हडपसरला आहे म्हणून खोली हडपसरला, असं करू नका. मित्र रविवारी भेटेल, कामावर रोज जायचं आहे. छत्रपती संभाजीनगरलाही हेच लागू होतं. वाळूजच्या कारखान्यांतले कितीतरी कामगार बजाजनगर, रांजणगाव शेणपुंजी इथं राहतात ते उगीच नाही.

तिसरा नियम : गावाकडचा रस्ता

आपल्या भागातल्या बहुतेक एसटी आणि ट्रॅव्हल्स पुण्यात नगर रस्त्यानं शिरतात. पहाटे वाघोली, खराडी, चंदननगरला अर्धी गाडी रिकामी होते, बाकीचे पुढं वाकडेवाडीच्या शिवाजीनगर स्थानकावर उतरतात. नगर रस्त्याकडं मराठवाड्यातली इतकी माणसं का, याचं एक कारण यात आहे. जिथं गाडीतून उतरलो तिथंच आधी पाय टेकले.

याचा फायदाही आहे. सणाला, पेरणीला, घरी कुणी आजारी पडलं तर रातोरात निघता येतं. आईनं दिलेलं ज्वारीचं पीठ, तूरडाळ, हळद ट्रॅव्हल्सवरून उतरवून घेता येते. १७ मार्च २०२३ पासून एसटीत महिलांना निम्मं तिकीट आहे, त्यामुळं आई किंवा बहीण येऊन-जाऊन राहू शकते. ही सवलत एसटीची आहे, शहर बसची नाही, हे ध्यानात ठेवा. मुंबईकडं जाणाऱ्यांसाठी जनशताब्दी आता हिंगोलीहून सुटते आणि कल्याण, ठाण्याला थांबते. तिकडं खोली बघताना ही सोय मोजायला हरकत नाही.

पण हा नियम तिसरा आहे, पहिला नाही. गावाला वर्षातून पाच-सहा वेळा जायचं असतं, कामावर तीनशे वेळा.

चौथा नियम : पाणी विचारा, मग भाडं विचारा

खोली बघायला गेलात की आधी नळ उघडा. पाणी महापालिकेचं, बोअरचं की टँकरचं? दिवसातून किती वेळ येतं? उन्हाळ्यात टँकरचे पैसे कोण देतं, मालक की भाडेकरू? पिण्याचं पाणी वेगळं आणावं लागतं का?

हा प्रश्न फक्त पैशांचा नाही. २०२५ च्या जानेवारीत पुण्यात जीबीएस या आजाराचे रुग्ण अचानक वाढले. ते प्रामुख्यानं किरकटवाडी, नांदेड, खडकवासला, धायरी या सिंहगड रस्त्याकडच्या भागात होते आणि दूषित पाण्याकडं बोट दाखवलं गेलं. यातली तीन गावं नुकतीच हद्दीत आलेली. म्हणून त्या भागात राहूच नये असं नाही. पण पाणी कुठून येतं ते कळल्याशिवाय पैसे देऊ नका आणि पिण्याचं पाणी उकळून घ्या. शेजारच्या किराणा दुकानदाराला विचारा, "इथं पाण्याचं कसं आहे?" मालकापेक्षा तो खरं सांगतो.

पाचवा नियम : कागद

महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ च्या कलम ५५ नुसार भाड्याचा करार लेखी आणि नोंदणीकृत असलाच पाहिजे. ती जबाबदारी घरमालकाची आहे. "अकरा महिन्यांचा आहे, नोंदणी लागत नाही," असं पुष्कळ जण सांगतात. महाराष्ट्रात ते खरं नाही. आणि कराराची नोंदणी केलेली नसेल तर वाद झाल्यावर भाडेकरूचं म्हणणं ग्राह्य धरलं जातं, जोवर ते खोटं ठरत नाही तोवर. नोंदणी आता ऑनलाइन होते. नोंदणी फी शहरी भागात १,००० आणि ग्रामीण भागात ५०० रुपये आहे. मुद्रांक शुल्क वेगळं. हा खर्च कोण करणार ते आधीच ठरवा.

करारात चार गोष्टी आहेत का ते बघा : डिपॉझिट किती आणि कधी परत मिळणार, वीजबिल कसं मोजणार, मेंटेनन्स कुणाकडं, खोली सोडायची तर किती दिवस आधी सांगायचं. पैसे शक्यतो खात्यावरून द्या. खोली न बघता, फक्त फोटोवर आगाऊ रक्कम कधीही पाठवू नका.

विद्यार्थी असाल तर खोलीआधी शासकीय वसतिगृहाचा अर्ज भरा. अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांना वसतिगृहात जागा मिळाली नाही तर स्वाधार योजना आहे. इतर प्रवर्गांसाठीही अशाच योजना आहेत. आपल्या जिल्ह्याच्या समाजकल्याण कार्यालयात एक चक्कर मारली तर वर्षाचं भाडं वाचू शकतं.

सहावा नियम : आधी महिनाभर राहून बघा

एकदम वर्षाचा करार करू नका. पहिला महिना कामाजवळ 'कॉट बेसिस'वर काढा. महाग वाटेल, पण तेवढ्यात शहर कळतं. मग जी खोली आवडेल ती दोनदा बघा : एकदा सकाळी कामावर जायच्या वेळी आणि एकदा रात्री नऊला. सकाळी बस मिळते का ते कळेल, रात्री रस्ता कळेल.

मुलींनी आणि त्यांच्या पालकांनी बस थांब्यापासून दारापर्यंतचा शेवटचा अर्धा किलोमीटर स्वतः चालून बघावा. दिवे आहेत का? दुकानं उघडी असतात का? तिथं मन कचरलं तर भाडं कितीही कमी असो, ती खोली सोडून द्या.

आणि घर विकत घ्यायची घाई तर मुळीच नको. "अर्ध्या गुंठ्याचा प्लॉट, हप्त्यानं" अशा पाट्या उपनगरात जागोजागी दिसतील. गावाकडची जमीन विकून असा प्लॉट घेण्याआधी सातबारा बघा, वकिलाला दाखवा. फ्लॅट असेल तर प्रकल्पाचा महारेरा नोंदणी क्रमांक संकेतस्थळावर तपासा. नवा प्रकल्प असेल आणि क्रमांक दाखवत नसतील तर तिथून उठा.

शेवटी एवढंच

अंथरूण पाहून पाय पसरावे, हे आपण लहानपणापासून ऐकतो. नव्या शहरात अंथरूण म्हणजे फक्त पगार नाही. तुमचा वेळ, तुमची झोप आणि तुमची तब्येतही त्यातच येते. घरच्यांनी हळदीच्या, सोयाबीनच्या पैशांतून तुम्हाला पाठवलेलं असतं. त्या पैशांतला एक रुपया खोलीवर जास्त गेला तरी चालेल, पण लेकराचं वर्ष रस्त्यावर जाऊ नये.

स्वाध्याय

१. तुमचं गाव सोडून एक शहर निवडा. कामाचं किंवा कॉलेजचं ठिकाण ठरवून त्याच्या आसपासची तीन उपनगरं लिहा.

२. प्रत्येक उपनगरासाठी भाडं, प्रवास, पाणी आणि जेवण मिळून महिन्याचा एकूण खर्च काढा. प्रवासाचे तासही मोजा.

३. तुमच्या गावातल्या, त्या शहरात राहणाऱ्या दोन जणांना फोन करा. "भाडं किती?" हे न विचारता "सकाळी किती वाजता निघतोस आणि रात्री किती वाजता जेवतोस?" एवढंच विचारा. उत्तरं वहीत लिहा आणि घरी मोठ्यांना वाचून दाखवा.