एकट्याचे यंत्र, संघाचे युद्ध

२७ फेब्रुवारी २०१९ रोजी सकाळी, नियंत्रण रेषेवर भारत आणि पाकिस्तानची लढाऊ विमाने आमनेसामने आलेली असताना, श्रीनगरजवळ बडगाम येथे भारतीय हवाई दलाचे एमआय-१७ हेलिकॉप्टर कोसळले. त्यातील सहा जण आणि जमिनीवरचा एक नागरिक मृत्युमुखी पडला. हेलिकॉप्टर आपल्याच क्षेपणास्त्राने पाडले गेले, हे चौकशीअंती निष्पन्न झाले आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये तत्कालीन हवाई दलप्रमुखांनी ती मोठी चूक असल्याचे जाहीरपणे मान्य केले. हेलिकॉप्टरच्या वैमानिकांना विमानविद्या अवगत होती आणि क्षेपणास्त्र हाताळणाऱ्यांनाही आपले यंत्र वापरता येत होते. उणीव राहिली ती या दोहोंना जोडणाऱ्या दुव्यात. आकाशात कोण आहे, ही माहिती वेळेवर योग्य माणसापर्यंत पोहोचली नाही.

या घटनेची आठवण काढण्याचे कारण वरकरणी दूरचे वाटेल. येत्या काही वर्षांत आपण लढाऊ विमानांच्या सरावासाठी मोठ्या प्रमाणावर सिम्युलेटर विकत घेणार आहोत. सप्टेंबर २०२१ मध्ये संरक्षण मंत्रालयाने तिन्ही दलांसाठी सिम्युलेटरच्या वापराची धोरणचौकट जाहीर केली. प्रत्यक्ष सराव आणि सिम्युलेटरवरील सराव एकजीव व्हावेत, तसेच देशी कंपन्यांना वाव मिळावा, हे तिचे घोषित उद्दिष्ट आहे. एप्रिल २०२५ मध्ये नौदलासाठी २६ राफेल-एम विमानांचा जो करार झाला, त्यातही सिम्युलेटरचा समावेश आहे. तेजस मार्क-१ए विमानांची मागणी २०२१ मधील ८३ आणि २०२५ मधील ९७ मिळून १८० वर गेली आहे. आज होणारी निवड पुढची २५-३० वर्षे टिकेल. त्यामुळे आपण नेमका कशाचा सराव विकत घेत आहोत, एकट्या वैमानिकाच्या हस्तकौशल्याचा की संपूर्ण गटाच्या निर्णयशक्तीचा, हा प्रश्न निविदा निघण्यापूर्वीच विचारला पाहिजे.

इतिहासात या दोन्ही प्रकारच्या सरावांची उदाहरणे आहेत. न्यूयॉर्क राज्यातील बिंगहॅम्टन येथे वडिलांच्या वाद्यनिर्मितीच्या कारखान्यात काम करणाऱ्या एडविन लिंक यांनी ऑर्गनचे भाते आणि हवेच्या झडपा वापरून १९२९ च्या सुमारास पहिले 'लिंक ट्रेनर' तयार केले. प्रारंभी त्याकडे जत्रेतील करमणूक म्हणून पाहिले गेले. फेब्रुवारी १९३४ मध्ये अमेरिकेत टपाल वाहून नेण्याचे काम लष्करी वैमानिकांवर सोपवले गेले. खराब हवामानात केवळ उपकरणांच्या आधारे उड्डाण करण्याचा सराव नसल्याने काही आठवड्यांतच अनेक वैमानिक प्राणाला मुकले, आणि त्यानंतर लष्कराने लिंक यांची सहा यंत्रे विकत घेतली. दुसऱ्या महायुद्धात लाखो वैमानिकांनी या यंत्रात धडे गिरवले. त्याची शिकवण मोलाची होती, परंतु ती एकट्याची होती : ढगात शिरलेला एक माणूस, त्याची उपकरणे आणि त्याचा संयम.

दुसरे उदाहरण समुद्रावरच्या युद्धाचे आहे. जानेवारी १९४२ मध्ये ब्रिटिश नौदलाने लिव्हरपूल येथे कॅप्टन गिल्बर्ट रॉबर्ट्स यांच्या नेतृत्वाखाली एक छोटे पथक स्थापन केले. जर्मन पाणबुड्या व्यापारी जहाजांचे तांडे बुडवीत होत्या आणि त्यांना तोंड कसे द्यावे हे रक्षक युद्धनौकांच्या कप्तानांना उमगत नव्हते. रॉबर्ट्स आणि त्यांच्या महिला सहकाऱ्यांनी एका खोलीच्या फरशीवर समुद्र आखला, खडूने जहाजांचे मार्ग काढले आणि कप्तानांना पडद्याआड बसवले. प्रत्यक्ष समुद्रात जेवढे दिसले असते तेवढेच पडद्याच्या फटीतून दिसे. तेवढ्यावरच ठरावीक वेळेत हुकूम द्यावा लागे. यंत्र नाही, लाटा नाहीत, इंजिनाचा आवाज नाही. तरीही पाणबुड्यांविरुद्धचे नवे डावपेच याच खोलीत घडले आणि युद्ध संपेपर्यंत हजारो अधिकारी तेथे शिकून गेले. गटाच्या सरावात दृश्य हुबेहूब असण्यापेक्षा अपुरी माहिती, वेळेचा दाब आणि सहकाऱ्याशी होणारा संवाद हुबेहूब असणे महत्त्वाचे, हे या फरशीने सिद्ध केले.

हाच विचार पुढे संगणकावर आला. १९८३ मध्ये अमेरिकेच्या 'दार्पा' या संस्थेने, जॅक थॉर्प या हवाई दलातील अधिकाऱ्याच्या कल्पनेतून, 'सिमनेट' हा प्रकल्प हाती घेतला. रणगाड्यांचे दोनशेहून अधिक सिम्युलेटर वेगवेगळ्या ठिकाणांहून एकमेकांना जोडले गेले. खर्च आटोक्यात ठेवण्यासाठी त्यांनी 'निवडक वास्तवता' हे तत्त्व स्वीकारले : संघाच्या कामाला जे आवश्यक ते हुबेहूब, बाकीचे रंगवलेले असले तरी चालेल. विविध बनावटीच्या सिम्युलेटरनी परस्परांशी कसे बोलावे याची आज जगभर वापरात असलेली मानके, म्हणजे 'डीआयएस' आणि त्यानंतरचे 'एचएलए', याच परंपरेत वाढली.

आता आपल्याकडची स्थिती पाहू. सप्टेंबर २०२५ मध्ये मिग-२१ निवृत्त झाल्यानंतर, मंजूर ४२ स्क्वाड्रनच्या तुलनेत हवाई दलाकडे २९ उरल्या. विमाने कमी असली तरी त्यांचे प्रकार कमी नाहीत. सुखोई-३० आणि मिग-२९ रशियन, राफेल आणि मिराज-२००० फ्रेंच, जॅग्वार ब्रिटिश-फ्रेंच, तेजस आपले. सुखोई नाशिकजवळच्या ओझरला बांधले गेले असले तरी त्याची रचना रशियाची आहे. सामान्यतः प्रत्येक विमानासोबत त्याचा निर्माता स्वतःचा सिम्युलेटर पुरवतो. अशा सिम्युलेटरमध्ये वैमानिक आपले विमान उत्तम शिकतो. परंतु युद्धाच्या दिवशी सुखोई, राफेल, आकाशातील रडार-विमान आणि जमिनीवरचा नियंत्रक यांना एकच लढाई लढायची असते. मे २०२५ मधील संघर्षात दोन्ही बाजूंची विमाने आपापल्या हद्दीत राहून शेकडो किलोमीटर अंतरावरून एकमेकांचा वेध घेत होती. अशा लढाईत वैमानिकाच्या नजरेपेक्षा त्याला मिळणारी माहिती निर्णायक ठरते. तिचा सराव एकट्या खोलीत होऊ शकत नाही.

म्हणूनच गटाच्या सरावासाठी सिम्युलेटर निवडताना पाच कसोट्या लावाव्यात, असे वाटते.

पहिली कसोटी जोडणीची. यंत्र मान्य आंतरराष्ट्रीय मानकानुसार दुसऱ्या यंत्राशी बोलू शकते की नाही, हे कागदावर न पाहता दुसऱ्या बनावटीच्या सिम्युलेटरला प्रत्यक्ष जोडून पाहावे. स्थान, वेग, क्षेपणास्त्र सोडणे, स्फोट होणे अशा घटनांचे संदेश सतत जा-ये करत असतात. विमाने जवळजवळ उडत असतील तर या संदेशाला एक दशांश सेकंदापेक्षा अधिक विलंब चालत नाही. हवाई दलाकडे २०१० पासून 'एएफनेट' हे स्वतःचे संपर्कजाळे आहे. तळातळांना जोडण्याचा पाया त्यामुळे उपलब्ध आहे.

दुसरी कसोटी भूभागाची. दोन सिम्युलेटरमधील नकाशे भिन्न असतील तर एका वैमानिकाच्या पडद्यावर डोंगराआड दडलेले विमान दुसऱ्याच्या पडद्यावर उघड्या आकाशात दिसते. अशा लढतीतून चुकीचेच धडे मिळतात. लडाखपासून कच्छपर्यंतचा एकच प्रमाणित भूभाग-संच सरकारने तयार करून तो सर्व पुरवठादारांना बंधनकारक करावा.

तिसरी कसोटी माहितीवरील हक्काची. शत्रूचे रडार किती अंतरावरून पाहते, त्याचे क्षेपणास्त्र किती दूर जाते, ही आकडेवारी आपल्या गुप्तवार्ता यंत्रणांकडून येते आणि ती सतत बदलते. विदेशी पुरवठादाराने हे भाग कुलूपबंद करून दिले, तर प्रत्येक बदलासाठी त्याच्या दारात जावे लागेल आणि आपल्याला काय ठाऊक आहे हेही त्याला कळेल. शत्रूची प्रतिकृती बदलण्याचा पूर्ण अधिकार आपल्या हाती हवा. विमानात सुधारणा झाली की सिम्युलेटरमध्येही ती ठरावीक मुदतीत झाली पाहिजे, अशी अट करारात असावी. जुन्या प्रणालीवर केलेला सराव काही वेळा सराव न करण्यापेक्षाही घातक ठरतो.

चौथी कसोटी सहभागाची. केवळ वैमानिकांच्या खुर्च्या मोजून भागणार नाही. जमिनीवरचा नियंत्रक, रडार-विमानातील चालकदल आणि क्षेपणास्त्र तुकडीचा अधिकारी यांच्यासाठीही त्याच सरावात जागा असावी. बडगामसारखा प्रसंग सरावात अनेकदा घडवून पाहता येतो आणि तेथे चुकणाऱ्याला कोणाचाही जीव गमवावा लागत नाही.

पाचवी कसोटी उजळणीची. व्हिएतनाम युद्धातील निराशाजनक कामगिरीनंतर अमेरिकी नौदलाने १९६९ मध्ये जी प्रसिद्ध लढाऊ शाळा सुरू केली, तिच्या यशात उड्डाणानंतरच्या परखड चर्चेचा वाटा मोठा होता. आपल्याकडेही १९७१ पासून डावपेचांचा विकास करणारी 'टॅकडे' ही संस्था कार्यरत आहे. सरावाची संपूर्ण नोंद, प्रत्येकाला त्या क्षणी काय दिसत होते आणि तो काय बोलला यासह पुन्हा दाखवता आली नाही, तर महागडा सिम्युलेटरही निम्म्याच उपयोगाचा.

या कसोट्या आपल्या खरेदीपद्धतीत सहज बसत नाहीत. किमान तांत्रिक अटी पूर्ण करणाऱ्यांमध्ये ज्याचा दर सर्वांत कमी त्याला काम, हा आपला रूढ नियम. अटी मोजता येण्याजोग्या असाव्या लागतात. मग पडद्याची रुंदी, चित्राची स्पष्टता, खुर्चीची हालचाल यांनाच महत्त्व येते. गट किती चांगला शिकला हे रकान्यात लिहिता येत नाही, असा समज आहे. तो खरा नाही. सिम्युलेटरवर सराव केलेला एक गट आणि न केलेला दुसरा गट यांची प्रत्यक्ष आकाशात तुलना करण्याची पद्धत विमानविद्येच्या अभ्यासकांनी पूर्वीच घालून दिली आहे. स्टॅन्ली रॉस्को यांनी १९७१ मध्ये दाखवले की सिम्युलेटरचे सुरुवातीचे तास उड्डाणाचा बराच वेळ वाचवतात, पुढचे तास कमी वाचवतात. अशी चाचणी खरेदीपूर्वी मर्यादित प्रमाणात घेणे अशक्य नाही.

खर्चाचा विचार केला तर सर्व जागा सारख्या महाग असण्याचीही गरज नाही. बाजारात सर्वसामान्यांना मिळणाऱ्या 'डीसीएस' या संगणकीय खेळातील ए-१० विमान मुळात अमेरिकेच्या एअर नॅशनल गार्डसाठी केलेल्या सराव-प्रणालीतून आले. २०१८ मध्ये अमेरिकी हवाई दलाने आभासी चष्म्यांच्या आधारे २० प्रशिक्षणार्थींवर एक प्रयोग केला. त्यांतील १३ जण काही महिन्यांतच वैमानिक झाले. प्रत्येक स्क्वाड्रनमध्ये साध्या संगणकांवर चालणाऱ्या, परंतु आपली माहिती भरलेल्या आठ-दहा जागा आणि मोजक्या तळांवर संपूर्ण कॉकपिट असलेले घुमटाकार सिम्युलेटर, अशी दोन स्तरांची रचना आपल्याला परवडेल. खालच्या स्तराचे काम देशी कंपन्या नक्कीच करू शकतात. तेजसच्या पहिल्या उड्डाणापूर्वी बेंगळुरूच्या 'एडीई' या प्रयोगशाळेने उभारलेल्या सिम्युलेटरवर वैमानिकांनी त्या विमानाची पारख केली होती, हे विसरू नये.

एक आक्षेप मात्र गांभीर्याने घेतला पाहिजे. वळणात शरीरावर येणारा अनेक पट भार, थकवा आणि भीती यांचा अनुभव कोणतेही यंत्र देत नाही. डिसेंबर २०२४ मध्ये संसदेत मांडलेल्या कॅगच्या अहवालानुसार हवाई दलातील वैमानिकांची तूट फेब्रुवारी २०१५ मधील ४८६ वरून २०२१ अखेर ५९६ वर गेली होती. अशा स्थितीत सिम्युलेटर आले म्हणून उड्डाणाचे तास कमी करण्याचा मोह अर्थखात्याला होऊ शकतो. लढाऊ वैमानिकांच्या बाबतीत सिम्युलेटरचे तास उड्डाणात भर घालणारे असतील, त्यांची जागा घेणारे नसतील, हे धोरणातच लिहून ठेवणे श्रेयस्कर.

हे सर्व पाहण्यासाठी एक जबाबदार यंत्रणा हवी. आज विमान खरेदीची समिती वेगळी, सिम्युलेटरचा करार वेगळा आणि संपर्कजाळ्याचे काम तिसऱ्याकडे, अशी विभागणी झाल्यास प्रत्येक जण आपापले काम चोख करेल आणि तरीही जोडणी कोणाचीच राहणार नाही. तिन्ही दलांसाठी एकच सिम्युलेटर-मानक प्राधिकरण नेमावे, भूभाग-संच आणि जोडणीचे नियम त्याने ठरवावेत आणि त्याच्या संमतीशिवाय कोणत्याही नव्या विमानाच्या करारातील सिम्युलेटरचा भाग मंजूर होऊ नये. पुढच्या मोठ्या करारावर स्वाक्षरी होण्यापूर्वी हा निर्णय झाला, तर त्यासाठी येणारा खर्च विमानांच्या किमतीच्या तुलनेत नगण्य असेल.