जुन्या देहात नवे हृदय

हृदयरोपणाचा निर्णय घेताना नवे हृदय किती जोमदार आहे, एवढाच प्रश्न विचारून भागत नाही. रुग्णाच्या फुफ्फुसांतील रक्तवाहिन्यांचा अवरोध आधी मोजावा लागतो. तो फार वाढलेला असेल, तर उत्तम हृदयाचाही उजवा कप्पा थकून जातो. आपणा वैद्यकीय मंडळींना हे नव्याने सांगावयास नको. परंतु हाच न्याय जुन्या मोटारींच्या दुनियेतही तंतोतंत लागू पडतो, हे पाहून माझ्यासारख्या यंत्रप्रेमी बालरोगतज्ज्ञास मोठी मौज वाटते.

अमेरिकेत जुन्या पिकअप ट्रकला अधिक शक्तीचे इंजिन बसविणे हा अनेकांचा आवडता उद्योग आहे. त्यातही १९४७ साली आलेल्या शेवरले ३१०० या अर्ध्या टनाच्या पिकअपवर हौशी मंडळींचे विशेष प्रेम. शेवरले हे नाव आपणांस परके नाही. जनरल मोटर्सने १९२८ साली मुंबईत शिवडी येथे जुळणीचा कारखाना काढला होता, आणि आम्हा बडोदेकरांच्या शेजारी हालोल येथे २०१७ पर्यंत शेवरले गाड्या तयार होत होत्या.

१९५३ पर्यंतच्या ३१०० मध्ये २१६ घन इंचांचे, म्हणजे सुमारे साडेतीन लिटरचे, सहा सिलिंडरांचे इंजिन असे. त्याची शक्ती जेमतेम ९० अश्वशक्ती. त्याच्या कनेक्टिंग रॉडच्या बेअरिंगांना पुरेशा दाबाने तेल मिळत नसे. तळाच्या पन्हाळीतील तेल रॉडची टोके ओंजळीने घ्यावे तशी उचलीत. शेतावरून बाजारपेठेत जाण्यास ही योजना पुरेशी होती. परंतु अमेरिकेत आंतरराज्य महामार्गांचा कायदा झाला १९५६ साली. त्या रुंद रस्त्यांवर तासन्‌तास वेगाने धावणे या इंजिनाच्या प्रकृतीस मानवणारे नव्हते.

त्यावर उपाय शेवरलेच्याच घरात सापडला. १९५५ साली कंपनीने आठ सिलिंडरांचे २६५ घन इंचांचे व्ही-आठ इंजिन आणले. मोटारींमध्ये ते १६२ अश्वशक्ती देई, आणि वजनाने जुन्या सहा सिलिंडरांपेक्षा काहीसे हलकेच होते. पुढे त्याच कुळातील ३५० घन इंचांचे इंजिन एवढे विपुल झाले की, भंगारवाड्यातूनही ते स्वस्तात मिळू लागले. साहजिकच जुन्या पिकअपमध्ये ते बसविण्याची प्रथा रूढ झाली.

मात्र खरे काम इंजिन उचलून आत ठेवल्यानंतर सुरू होते. डाव्या बाजूचा एक्झॉस्टचा नळकांडा स्टिअरिंगच्या पेटीला भिडतो, म्हणून निराळ्या आकाराचा शोधावा लागतो. मूळ प्रोपेलर शाफ्ट एका बंद नळीत असतो. आधुनिक गिअरबॉक्स जोडावयाचा तर तो आणि मागचा ॲक्सल दोन्ही बदलावे लागतात. सहा व्होल्टची वीज बारा व्होल्टची करताना दिव्यांपासून मापकांपर्यंत सगळ्यांची फेरतपासणी आलीच. रेडिएटरही वाढीव उष्णता वाहून नेणारा हवा.

या सर्वांहून गंभीर बाब ब्रेकची. मूळ ट्रकच्या चारही चाकांना ड्रम ब्रेक आणि त्यांना तेल पुरविणारा मार्ग एकच. कोठेही गळती झाली की चारही चाके एकदम निकामी. गतिज ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, हे आपण शाळेत शिकलो. ताशी ८० किलोमीटरऐवजी ११० ने धावणारा ट्रक थांबविण्यासाठी जवळजवळ दुप्पट ऊर्जा जिरवावी लागते. ब्रेक मात्र तेच राहिले, तर मालकाने गाडीची शक्ती नव्हे, धोका वाढविला असे म्हणावे लागेल. म्हणून जाणकार कारागीर आधी पुढच्या चाकांना डिस्क ब्रेक आणि दुहेरी मास्टर सिलिंडर बसवितात, आणि मगच इंजिनाला हात घालतात. बालकाला औषध देताना आपण त्याचे वजन आधी पाहतो. औषध किती प्रभावी हा विचार नंतरचा. हा क्रमही तसाच.

एक मधला मार्गही आहे, आणि मला तो अधिक भावतो. शेवरलेच्याच सहा सिलिंडरांच्या कुळात २३५ घन इंचांचे थोरले भावंड आहे. १९५४ पासून त्याच्या सर्व बेअरिंगांना दाबाने तेल मिळू लागले, आणि त्या वर्षीच्या ट्रकमध्ये ते सुमारे ११२ अश्वशक्ती देत असे. थोड्याफार फेरफाराने ते जुन्या जागी बसते. जवळच्या नात्यातील दाता लाभावा, तसा हा प्रकार. चासी कापावी लागत नाही, ट्रकचा चेहरामोहरा आणि आवाजही ओळखीचा राहतो. मूळ इंजिन तेल लावून जपून ठेवले, तर पुढच्या पिढीला ते परत बसविताही येते.

आपल्या देशात मात्र या उत्साहाला कायद्याची वेस आहे. नोंदणीपुस्तकातील तपशील निर्मात्याच्या मूळ रचनेशी विसंगत होईल असा बदल करता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये स्पष्ट केले. २०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार पन्नास वर्षांहून जुन्या खासगी वाहनास ‘व्हिंटेज’ म्हणून स्वतंत्र नोंदणी मिळते. अट ही की चासी, बॉडी आणि इंजिन यांत मोठा फेरबदल झालेला नसावा. आजोबांच्या वाड्यात एखादी जुनी गाडी उभी असेल, तर शक्तिमान इंजिनाच्या मोहात तिची ही ओळख कायमची गमवावी लागेल, याचे भान ठेवावे.

अशा गाडीच्या बाबतीत माझा सल्ला साधा आहे. तिचे ब्रेक, टायर आणि वायरिंग निर्धोक करावे, मूळ इंजिन कुशल कारागिराकडून दुरुस्त करून घ्यावे आणि रविवारी सकाळी, वर्दळ नसताना, ताशी ५० च्या वेगाने तिला फिरवून आणावे. वयोवृद्ध रुग्णाला धावण्याच्या शर्यतीत उतरविण्यापेक्षा रोजचा फेरफटका अधिक मानवतो, हे आपल्याइतके दुसऱ्या कोणास ठाऊक असणार?