विश्लेषण : कुहीच्या जंगलाला वनखाते, पाण्याला पाटबंधारे, पाणथळीला वाली कोण?

नागपूर जिल्ह्यातील कुही तालुक्यात एकीकडे वाघाचे जंगल आहे, तर दुसरीकडे गोसीखुर्दचे पाणी. जंगल वनखाते सांभाळते आणि पाणी पाटबंधारे खाते. दोघांचीही बरीच कामे ठरलेल्या तारखांनुसार चालतात. पाऊस मात्र तारखा पाळेनासा झाला आहे. अशा वेळी जंगल आणि पाणथळ जागा सांभाळणाऱ्यांनी काय बदलायला हवे?

कुहीत नेमके काय आहे?

सुमारे १८९ चौरस किलोमीटरचे उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्य कुही, उमरेड, भिवापूर आणि भंडारा जिल्ह्यातील पवनी तालुक्यात पसरले आहे. सागवान, ऐन, मोह, तेंदू असलेले हे पानगळीचे जंगल. तालुक्याच्या पूर्वेला आंभोऱ्याजवळ कन्हान वैनगंगेला मिळते. त्याखाली गोसीखुर्द धरणाचे बॅकवॉटर आहे. १,१४६ दशलक्ष घनमीटर क्षमतेच्या या धरणासाठी कुहीतील अनेक गावे उठली. आज त्याच पाण्यावर मासेमारी चालते, पक्षी येतात. पाणी उतरले की गाळपेर जमिनीवर पिके उभी राहतात.

हवामान बदलाने काय फरक पडतो?

तापमान एक अंशाने वाढले की हवेत सुमारे सात टक्के जास्त बाष्प मावते. त्यामुळे पाऊस पडतो तेव्हा तो धो धो पडण्याची शक्यता वाढते, तर कोरड्या दिवसांत जमीन लवकर सुकते. म्हणजे वर्षाची सरासरी जुनीच राहिली, तरी मधले चढउतार वाढतात. ऑगस्ट २०२० च्या अखेरीस वैनगंगेला आलेल्या महापुरात गोसीखुर्दचे सर्व ३३ दरवाजे उघडावे लागले होते. एखाद्या पुराचे खापर थेट हवामान बदलावर फोडता येत नाही. पण असे दिवस गृहीत धरूनच यापुढे नियोजन करावे लागेल.

जंगलात अडचण कोणती?

आगीचा हंगाम १५ फेब्रुवारी ते १५ जून धरला जातो. त्याआधी जाळरेषा तयार करतात. मात्र पावसाळा लवकर आटोपला आणि पालापाचोळा जानेवारीतच वाळला, तर आग या तारखेची वाट पाहत नाही. मोहफुले वेचण्यासाठी झाडाखालचा पाला जाळला जातो, तीच आग पसरते. उपग्रहावरून आगीचा इशारा मोबाइलवर येतो, पण ती विझवायला माणूस वेळेत पोहोचावा लागतो.

उन्हाळ्यात पाणवठ्यांवर टँकरने किंवा सौरपंपाने पाणी सोडतात. हा तातडीचा उपाय झाला. एकाच पाणवठ्यावर प्राण्यांची गर्दी झाली की रोग पसरण्याचा आणि शिकारीचा धोका वाढतो. नाले अडवून ओल टिकवणे हे त्यापेक्षा टिकाऊ काम.

आणि जलाशयात?

नागपूर शहराचे सांडपाणी घेऊन येणारी नागनदी कुही तालुक्यात कन्हानला मिळते. ते पाणी पुढे गोसीखुर्दमध्ये जाते. उन्हाळ्यात नदीचा प्रवाह आटतो, घाण मात्र तेवढीच राहते. कोमट पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो आणि सांडपाण्यातील पोषकद्रव्यांवर जलपर्णी, म्हणजे इकॉर्निया, फोफावते. त्याचा फटका आधी माशांना आणि मग मासेमारांच्या घरांना बसतो. उष्णता कुहीत बसून कमी करता येत नाही, पण घाण कमी करता येते. म्हणूनच नागनदीचा सुमारे १,९२७ कोटींचा मंजूर प्रकल्प शहराच्या शोभेपुरता नाही. कुहीसाठी तोच हवामानाशी जुळवून घेण्याचा सर्वांत मोठा उपाय ठरू शकतो.

पाणथळ म्हणून संरक्षण का नाही?

केंद्राच्या २०१७ च्या पाणथळ नियमांतून पिण्याचे पाणी आणि सिंचनासाठी बांधलेले जलाशय वगळले आहेत. म्हणजे गोसीखुर्द कागदावर पाणथळ नाही. धरणाची पातळी सिंचन, पिण्याचे पाणी आणि पूर यांच्या गणितावर ठरते. पक्ष्यांची घरटी किंवा माशांची वीण त्या गणितात आपोआप येत नाही. पण मानवनिर्मित जलाशयाला मान मिळूच शकत नाही, असेही नाही. २०२० मध्ये महाराष्ट्रातील पहिले रामसर स्थळ ठरलेले नांदूरमध्यमेश्वर गोदावरीवरील बंधाऱ्यामुळेच तयार झाले आहे.

मग करायचे काय?

पहिले, तारखेऐवजी खुणा पाहून काम. पाला किती वाळला, नाल्यात पाणी कधी आटले, यावर जाळरेषा आणि गस्तीचे दिवस ठरावेत. दुसरे, वनखाते, पाटबंधारे आणि मत्स्यव्यवसाय यांची पावसाळ्याआधी एकत्र बैठक व्हावी. उन्हाळ्यात पाणी सोडताना उघड्या पडलेल्या बेटांवर अंडी आहेत का, हे विचारले जावे. तिसरे, वाटा मोकळ्या ठेवणे. ‘जय’ वाघ २०१३ मध्ये नागझिऱ्याहून शंभरावर किलोमीटर चालत इथे आला होता. पाणी-चारा सरकला की प्राण्यांनाही सरकावे लागते. त्या वाटेत उघडा कालवा असेल, तर त्यावर पूल हवेत आणि बाहेर पडायला उतार हवेत.

गावकऱ्यांची भूमिका काय?

शेजारच्या भंडारा-गोंदिया पट्ट्यात भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळाने ढिवर मासेमारांसोबत मामा तलाव पुन्हा जिवंत केले. बेशरम उपटली, तलावाचा तळ नांगरला, स्थानिक पाणवनस्पती लावल्या. कोणती वनस्पती कुठे रुजते आणि कोणता मासा तिच्या आडोशाने राहतो, हे ज्ञान मासेमारांकडेच होते. कुहीच्या तलावांतही हे करता येण्याजोगे आहे.

पाणी कधी चढले, मासा कधी कमी झाला, मोह कधी फुलला, याची नोंद गावात ठेवली जाऊ शकते. त्यासाठी एक वही पुरते. ती वही अधिकाऱ्यांच्या बैठकीत उघडली गेली, तर पुढच्या वर्षीचे नियोजन बदललेल्या पावसाला धरून होईल.