अठ्ठावन्नाव्या वर्षी नजर निवृत्त होते का?

पुण्यातल्या मांजरीच्या वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूटमध्ये साखर कारखान्यांसाठी तरुण तंत्रज्ञ घडतात. कारखान्यात त्यांची गाठ जुन्या पॅनमनशी पडते. शिजत्या पाकाचा थेंब काचेवर घेऊन दाणा कसा धरला, हे तो नुसत्या नजरेने ओळखतो. अशी नजर यायला कित्येक गळीत हंगाम जातात.

२०११च्या जनगणनेत महाराष्ट्रात शंभरातले सुमारे दहा जण साठीपुढचे होते; आता हे प्रमाण वाढले आहे. भविष्यनिर्वाह निधीच्या योजनेतले निवृत्तिवेतन अठ्ठावन्नाव्या वर्षी सुरू होते. २०१४ साली त्याची किमान रक्कम ठरली महिना हजार रुपये. त्यात घर चालत नाही, आणि कारखान्याचा जाणता माणूसही जातो. तरुणाचे मोजमाप आणि जुन्याची नजर काही हंगाम एकाच पाळीत ठेवली, तर दोघांचेही भले होईल.