चवड, चळत की रास? : क्रोमॅटिनची घडण आणि तिची मराठी परिभाषा

शास्त्रीय परिभाषा सिद्ध करताना एक अडचण वारंवार उभी राहते. एखादा शब्द ज्या काळी रूढ होतो, त्या काळचा सिद्धान्त त्याच्यात गोठून राहतो. पुढे सिद्धान्त मागे पडतो; शब्द मात्र टिकतो. भाषांतरकाराने केवळ शब्दावर दृष्टी ठेवली आणि वस्तूकडे पाहिले नाही, तर शास्त्रज्ञांनी टाकून दिलेली कल्पना दुसऱ्या भाषेत नव्याने जन्म घेते. क्रोमॅटिन हे याचे बोलके उदाहरण आहे. प्रस्तुत लेखात प्रथम वस्तूचा व नंतर शब्दांचा विचार करावयाचा आहे.

पेशीच्या केंद्रकातील जो पदार्थ रंग सहज शोषून घेतो, त्याला जर्मन शास्त्रज्ञ वाल्टर फ्लेमिंग यांनी १८८० च्या सुमारास ‘क्रोमॅटिन’ हे नाव दिले. नावाचे मूळ ‘रंग’ या अर्थाच्या ग्रीक शब्दात आहे. हा पदार्थ म्हणजे डी.एन.ए.चा रेणू आणि त्याला बिलगलेली प्रथिने, हे पुढे स्पष्ट झाले. मानवाच्या एका पेशीत ४६ गुणसूत्रे असतात व त्यांत मिळून सुमारे ६४० कोटी बेस-जोड्या असतात. दोन लगतच्या जोड्यांतील अंतर ०.३४ नॅनोमीटर धरल्यास हा धागा दोन मीटरांहून किंचित अधिक लांब भरतो. केंद्रकाचा व्यास मात्र मिलिमीटरच्या शंभराव्या भागाइतका, किंबहुना पुष्कळदा त्याहूनही कमी असतो. एवढा धागा एवढ्या जागेत मावतो, आणि तरीही त्यातील हवा तो भाग हवा तेव्हा वाचता येतो. हे कसे घडते, हा मूळ प्रश्न आहे.

पहिल्या पायरीचे उत्तर १९७३ ते १९७५ या काळात मिळाले. केंद्रकातील डी.एन.ए. विशिष्ट विकराने तोडला असता त्याचे तुकडे वाटेल त्या लांबीचे न होता ठरावीक मापाच्या पटीत होतात, असे ह्यूइश व बरगॉइन यांनी १९७३ मध्ये दाखविले. १९७४ मध्ये ओलिन्स दांपत्याने इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने टिपलेल्या चित्रांत दोऱ्यात ओवलेल्या मण्यांसारखी रचना दिसली, आणि त्याच वर्षी रॉजर कॉर्नबर्ग यांनी तिची उपपत्ती मांडली. १९७५ मध्ये या मण्याला ‘न्यूक्लिओसोम’ हे नाव मिळाले. हिस्टोन जातीच्या चार प्रथिनांचे प्रत्येकी दोन, असे आठ रेणू एकत्र येऊन एक गाभा तयार होतो. त्याच्याभोवती १४७ बेस-जोड्यांचा धागा सुमारे पावणेदोन वेढे घेतो. ही घडण १९९७ मध्ये क्ष-किरणांच्या साहाय्याने अणूंच्या पातळीवर स्पष्ट झाली.

येथेच एक बारकावा ध्यानी घ्यावयास हवा. ‘मणी’ हा शब्द दोन प्रकारे दिशाभूल करतो. मण्यातून दोरा आरपार जातो. येथे धागा बाहेरून गुंडाळलेला असतो, म्हणून ‘रीळ’ म्हणणे अधिक यथार्थ. शिवाय मणी गोल असतो. न्यूक्लिओसोम मात्र चपटी चकती आहे. तिचा व्यास सुमारे ११ नॅनोमीटर आणि जाडी त्याच्या निम्मी आहे. चकती चपटी असते म्हणूनच एकीवर दुसरी रचता येते, आणि पुढील सर्व कथा या रचण्याचीच आहे.

दर न्यूक्लिओसोममागे जोडधागा धरून सरासरी २०० बेस-जोड्या मोजल्या, तर ६८ नॅनोमीटर लांबीचा धागा ११ नॅनोमीटरांत बसतो. लांबी सहापटीने घटते. परंतु दोन मीटरांचे अद्यापही तीस-पस्तीस सेंटिमीटर उरतात. पुढचे घनीभवन चकत्यांनी एकमेकींजवळ येऊनच साधावे लागते. या कामी विद्युत्‌भार महत्त्वाचा ठरतो. डी.एन.ए.वर ऋणभार असल्याने त्याचे भाग परस्परांना दूर लोटतात. हिस्टोनांवरील धनभार आणि पेशीतील मॅग्नेशियमसारखे धन आयन हा विरोध शमवितात. हिस्टोनांची लवचीक शेपटे चकतीबाहेर लोंबत असतात. त्यांपैकी एच-४ या हिस्टोनाचे शेपूट शेजारच्या चकतीच्या पृष्ठभागावरील ऋणभारित जागेला चिकटते, आणि चकतीवर चकती बसते. एच-१ हे निराळे हिस्टोन धागा जेथे चकतीत शिरतो व बाहेर पडतो तेथे बसून ही रचना आवळून धरते.

मग कोणती चकती कोणत्या चकतीवर बसते? १९७६ मध्ये फिंच आणि क्लूग यांनी सुचविले की, माळ वेटोळे घालीत जाते, एका वेढ्यात सुमारे सहा न्यूक्लिओसोम येतात आणि सुमारे ३० नॅनोमीटर जाडीचा तंतू तयार होतो. या रचनेत धाग्यावरील शेजारी वेटोळ्यातही शेजारीच राहतात. दुसरी कल्पना नागमोडी रचनेची. तीत जोडधागा जवळजवळ सरळ राहून इकडून तिकडे जातो. त्यामुळे पहिल्या चकतीवर तिसरी, व दुसरीवर चौथी येते. २००५ मध्ये चार न्यूक्लिओसोमांच्या स्फटिकात हीच नागमोडी रचना आढळली. जोडधाग्याची लांबीही येथे निर्णायक असते. डी.एन.ए.चा एक पीळ सुमारे दहा बेस-जोड्यांचा असल्याने, जोडधाग्यात एक जोडी वाढली तरी पुढची चकती सुमारे ३५ अंशांनी फिरते.

दोहोंपैकी कोणतीही रचना खरी असो, ३० नॅनोमीटरचा तंतू पेशीत असतोच, असे पाठ्यपुस्तके गृहीत धरून चालली. तथापि २००८ मध्ये मानवी पेशी अतिशीघ्र गोठवून त्यांचे पातळ छेद पाहिले असता विभाजनकाळच्या गुणसूत्रांत असा तंतू दिसला नाही. २०१२ मध्ये क्ष-किरणांच्या प्रयोगाने हेच सूचित केले. २०१७ मध्ये अमेरिकेतील साल्क संस्थेच्या संशोधकांनी मानवी केंद्रकाचे त्रिमित चित्रण केले. त्यांना ५ ते २४ नॅनोमीटर जाडीच्या अनियमित साखळ्या कोठे दाट, कोठे विरळ पसरलेल्या आढळल्या. कोंबडीच्या तांबड्या रक्तपेशींसारख्या काही ठिकाणी नियमित तंतू खरोखर दिसतो. परंतु तेथे जनुकांचे वाचन बव्हंशी थांबलेले असते.

या विसंगतीचे कारण असे सांगता येते. परीक्षानळीतील विरल द्रावणात प्रत्येक माळ एकटी असते. तिच्या चकत्यांना चिकटावयास आपल्याच माळेतील चकत्या मिळतात, आणि सुबक तंतू बनतो. केंद्रकात मात्र दाटी असते. तेथे एका माळेतील चकती दुसऱ्या माळेतील चकतीलाही बिलगू शकते. परिणामी लहान लहान चवडी बनतात, मोडतात, पुन्हा बनतात. दीर्घ नियमित तंतू टिकत नाही. ही अनियमितता उपयुक्तही आहे. एच-४ च्या शेपटावरील सोळाव्या स्थानच्या लायसिनाला ॲसिटिल गट जोडला की तेथील धनभार नाहीसा होतो व चवड सैल पडते, हे २००६ मध्ये दाखविण्यात आले. चवड सैल झाली की तेथील धागा वाचणाऱ्या प्रथिनांना वाट मिळते.

आता शब्दांकडे वळू. मराठीत रचून ठेवण्याच्या तऱ्हांना निरनिराळी नावे आहेत. उतरंड मडक्यांची, आणि ती खालून वर लहान होत जाते. येथे सर्व घटक समान असल्याने तो शब्द बाद ठरतो. चळत नाण्यांची, तीत कडा कडेशी जुळते. स्फटिकातील काटेकोर रचनेला तो शब्द शोभेल. चवड भाकऱ्यांची, ती चार-सहांची असते, किंचित कलते, आणि वरची भाकरी सहज उचलता येते. केंद्रकातील न्यूक्लिओसोमांच्या अल्पकालीन समूहांना ‘चवड’ हाच शब्द यथोचित वाटतो. रास धान्याची, तिला आकार असतो, पण दाण्यांना नेमून दिलेली जागा नसते. अशा अनेक चवडींनी झालेल्या दाट विभागाला ‘रास’ म्हणता येईल.

याउलट क्रोमॅटिनच्या सर्वसामान्य अवस्थेला ‘तंतू’ किंवा ‘वेटोळे’ हे नाव दिल्यास १९७६ ची कल्पना मराठी विद्यार्थ्याच्या मनात वस्तुस्थिती म्हणून रुजेल. इंग्रजी पाठ्यपुस्तकांना जुन्या आकृतीचे ओझे वाहावे लागत आहे; मराठी परिभाषेचे या बाबतीत अद्याप पुष्कळ घडावयाचे असल्याने तिला ते टाळता येण्यासारखे आहे. ‘वेटोळे’ व ‘नागमोडी’ हे शब्द त्या त्या प्रतिकृतींपुरते राखून ठेवावेत. परिभाषा समित्यांनी शब्द ठरविताना कोशाबरोबरच प्रयोगशाळेचाही कौल घ्यावा, एवढेच यावरून सुचवावयाचे आहे.