भाव वाढताना माल किती भरावा?

पुणे–आळंदी रस्त्यावरील दिघी हे गाव १९९७ साली पिंपरी-चिंचवड महापालिकेच्या हद्दीत आले. शेजारी भोसरीची औद्योगिक वसाहत, मोशीच्या पलीकडे चाकणचा कारखानदारी पट्टा आणि लगतच लष्कराच्या संस्था असल्यामुळे छोट्या सेवा-उद्योगांना या परिसरात बारमाही काम मिळत राहिले. दुकानांच्या पाट्या, दवाखान्यांचे दिव्याचे बोर्ड, कारखान्यांतील सुरक्षा-सूचना आणि ज्येष्ठात माउलींची पालखी याच रस्त्याने पुण्याकडे निघते तेव्हाचे स्वागतफलक, असे सगळे काम घेणारे फलक-दुकान बहुधा एका गाळ्यात चालते. ‘सोमवारपासून नवा भाव’ असा निरोप पुरवठादाराकडून आला की, आजच्या भावाने जास्तीचा माल भरून ठेवावा काय, हा प्रश्न अशा दुकानाच्या मालकापुढे उभा राहतो, आणि त्याचे उत्तर भाव किती वाढणार यापेक्षा कोणते काम कोणत्या दराने आधीच कबूल केले आहे यावर अधिक अवलंबून असते.

फलकासाठी लागणाऱ्या जवळजवळ प्रत्येक वस्तूचा भाव दिघीपासून फार दूर ठरतो. फ्लेक्स म्हणजे पॉलिएस्टर धाग्याच्या जाळीवर पीव्हीसी या प्लास्टिकचा थर चढवलेले कापड; सनबोर्ड म्हणजे तेच पीव्हीसी फुगवून केलेली हलकी, ताठ शीट; आणि व्हिनाइल, ज्याला बाजारात सर्रास ‘रेडियम’ म्हटले जाते, ती पाठीला गोंद असलेली पीव्हीसीचीच पातळ फिल्म. दुकानांच्या दर्शनी भागावर बसणारी एसीपी शीट ही ॲल्युमिनियमच्या दोन पातळ पत्र्यांमध्ये प्लास्टिकचा गाभा दाबून तयार होते आणि साधारणपणे आठ बाय चार फुटांच्या मापात मिळते. भारताला लागणाऱ्या पीव्हीसीपैकी निम्म्याहून अधिक माल आयात होत असल्याने खनिज तेल, जहाजाचे भाडे आणि डॉलरचा दर यांतील प्रत्येक हेलकावा घाऊक व्यापाऱ्यामार्फत या गाळ्यापर्यंत पोहोचतो, आणि त्यावर छोट्या दुकानदाराचा काडीचाही ताबा नसतो.

२०२१ आणि २०२२ या दोन वर्षांनी याचा धडा दोन्ही बाजूंनी दिला. फेब्रुवारी २०२१ मध्ये अमेरिकेतील टेक्सास राज्यात आलेल्या हिमवादळाने तेथील प्लास्टिक-कच्चा माल बनवणारे कारखाने बंद पाडले, कोविडमुळे कंटेनर मिळेनासे झाले होते, आणि पीव्हीसीचे भाव कडाडले. पुढे रशियाने युक्रेनवर आक्रमण केल्यावर मार्च २०२२ मध्ये लंडनच्या धातुबाजारात ॲल्युमिनियम टनाला चार हजार डॉलरच्या जवळ गेले. त्या काळात ज्याच्याकडे माल होता त्याचा फायदा झाला, ही गोष्ट व्यवसायात अजून सांगितली जाते. तिचा उत्तरार्ध मात्र सहसा सांगितला जात नाही. २२ मे २०२२ पासून केंद्र सरकारने पोलादाच्या निर्यातीवर १५ टक्के शुल्क लावताच फलकांच्या चौकटीला लागणाऱ्या लोखंडाचे देशातील भाव उतरले, त्याच वर्षी पीव्हीसीही घसरले, आणि रत्नागिरीजवळ स्वतःचा पीव्हीसी कारखाना असलेल्या फिनोलेक्स इंडस्ट्रीजसारख्या मोठ्या कंपनीलाही सप्टेंबर २०२२ ला संपलेल्या तिमाहीत तोटा नोंदवावा लागला. चढ्या भावातील माल गोदामात असताना बाजार पडला की होणाऱ्या या नुकसानीतून जी कंपनी सुटली नाही, तिच्यापेक्षा एका गाळ्याच्या दुकानदाराला भावाचा अंदाज अधिक अचूक बांधता येईल असे मानण्यास काहीच आधार नाही.

घाईने माल भरण्याची आणखी एक खोड अशी की ती भाववाढीला स्वतःच खतपाणी घालते. महिन्याला पाच रोल लागणारी अनेक दुकाने एकाच आठवड्यात पंधरा-पंधरा रोल मागू लागली की घाऊक व्यापाऱ्याला मागणी तिपटीने वाढल्याचा भास होतो, तो पुढे उत्पादकाकडे दुप्पट नोंदणी करतो आणि भाव आणखी चढतो. नंतर सर्वांची कपाटे भरलेली असल्यामुळे दोन-तीन महिने कोणीच माल उचलत नाही आणि तोच व्यापारी सवलतीत विक्री काढतो. शेवटी जागा झालेल्या दुकानदाराने सर्वांत चढ्या भावाने माल घेतलेला असतो.

साठ्याचे गणित एका उदाहरणावरून पाहता येते. समजा, एक लाख रुपयांचा जास्तीचा माल भरला आणि तीन महिन्यांत भाव आठ टक्क्यांनी वाढला, तर कागदावर आठ हजारांचा लाभ दिसतो. पण वर्षाला १२ टक्के व्याजाने तीन महिन्यांचे तीन हजार आणि जागा, ओरखडे, वाया गेलेले तुकडे यांचे दोन हजार वजा केले तर हाती तीन हजार उरतात. तोच माल सहा महिने पडून राहिला तर व्याजच सहा हजार होते आणि नासधूस धरता लाभ संपतो. भाव वाढण्याऐवजी पाच टक्क्यांनी उतरला तर तीन महिन्यांतच दहा हजारांचा फटका बसतो. आता दुसरी बाजू पाहावी. दहा हजार रुपयांच्या बोर्डात माल निम्म्या किमतीचा असेल, तर आठ टक्क्यांच्या भाववाढीने त्या बोर्डाचा खर्च चारशे रुपयांनी वाढतो. ग्राहकाकडे हे चारशे रुपये मागण्याचा संकोच वाटतो म्हणून एक लाख रुपये कपाटात अडकवून ठेवले जातात, हे या व्यवसायातील खरे दुखणे आहे, आणि त्यावर बोलण्याचे धैर्य साठ्यापेक्षा स्वस्त पडते.

असे असले तरी साठा नेहमीच चुकीचा असतो असे नाही. भोसरी-चाकणमधील कारखाना वर्षभराच्या सुरक्षा-फलकांचा दर एकदाच ठरवून घेतो, तेव्हा दुकानदाराने पुढील कित्येक महिन्यांचा विक्रीचा भाव बांधून घेतलेला असतो आणि खरेदीचा भाव मात्र मोकळा असतो. येथे त्या कामापुरता माल दर ठरला त्याच दिवशी घेणे शहाणपणाचे ठरते. रंगाचा मेळ हेही एक सबळ कारण आहे. प्रकाश देणाऱ्या अक्षरांच्या पोटात बसणारे एलईडी मॉड्यूल, म्हणजे तीन-चार बारीक दिव्यांची पट्टी, एकाच कंपनीचे असले तरी वेगवेगळ्या खेपांतील पांढरा प्रकाश सारखा नसतो. दोन खेपा मिसळल्या की रात्री एकाच नावातील निम्मी अक्षरे पिवळसर आणि निम्मी निळसर दिसतात. म्हणून मोठ्या बोर्डासाठी आणि त्याच्या पुढील दुरुस्तीसाठी एकाच खेपेतील थोडे जास्तीचे मॉड्यूल ठेवण्याची जाणत्या फिटरची सवय अगदी योग्य असते.

पण साठवलेला माल जसाच्या तसा राहत नाही. व्हिनाइल सुमारे वीस अंश तापमानात आणि बेताच्या दमटपणात ठेवून वर्षभरात वापरावे असे उत्पादक साधारणपणे सुचवतात. दिघीतील पत्र्याच्या शेडखाली मे महिन्यात याच्या जवळपासही तापमान राहत नाही. रोल आडवा टाकून त्यावर दुसरे रोल रचले की खालचा चेपतो, उष्णतेने गोंद कडेने बाहेर पाझरून धूळ धरतो, आणि छपाई यंत्रात रोल लावल्यावर फिल्मची कड लाटेसारखी उचलून छपाईच्या हेडला घासते. एसीपीवरील संरक्षक फिल्म फार काळ उन्हात राहिली तर तिचा गोंद पत्र्यावर राहून जातो, सॉल्व्हंट शाईला बाटलीवर छापलेली मुदत असते आणि लोखंडी चौकोनी पाइप पावसाळ्यात गंजतात.

यापेक्षा गंभीर बाब आगीची आहे. पीव्हीसी, ॲक्रिलिक आणि सॉल्व्हंट शाई हा सगळाच ज्वालाग्राही किंवा जळताना घातक धूर सोडणारा माल असून तो पोटमाळ्यावर किंवा जिन्याच्या तोंडाशी रचला जातो. ऑगस्ट २०२३ मध्ये चिखलीतील पूर्णानगर येथे हार्डवेअरच्या दुकानाला लागलेल्या आगीत आत झोपलेले एकाच कुटुंबातील चौघे मरण पावले. ज्या गाळ्यात कामगार किंवा कुटुंब रात्री राहते तेथे जास्तीचा एकही रोल भरू नये, मग भाव कितीही वाढणार असो.

नियम बदलल्यानेही माल एका दिवसात निरुपयोगी होऊ शकतो. १ जुलै २०२२ पासून शंभर मायक्रॉनपेक्षा पातळ पीव्हीसी बॅनरवर देशभर बंदी आली. वाहनांच्या नंबर प्लेटचे कोरे पत्रे आणि रेडियम अक्षरे हे एकेकाळी छोट्या दुकानांचे रोजचे उत्पन्न होते. १ एप्रिल २०१९ पासून नव्या वाहनांना आणि पुढे महाराष्ट्रातील जुन्या वाहनांनाही उच्च सुरक्षा नोंदणी पाटी सक्तीची झाल्यावर तो माल मातीमोल झाला. उलट, सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२३ मध्ये मुंबईतील दुकानदारांना मराठी पाट्या लावण्यासाठी दोन महिन्यांची मुदत दिली, तशा वेळी माल हाताशी असलेल्या दुकानाला काम मिळते; पण असे काम कोणत्या रंगाचे आणि कोणत्या मापाचे येईल हे आधी सांगता येत नाही, त्यामुळे पांढरा, काळा आणि लाल एवढाच हमखास खपणारा माल महिनाभर पुरेल इतका ठेवण्याच्या पलीकडे जाऊ नये.

पैशाची नाडी मात्र अन्यत्र असते. खेळते भांडवल, म्हणजे रोजच्या खरेदी-विक्रीत फिरणारा पैसा, कंपन्यांकडील उधारीत आधीच अडकलेला असतो आणि साठ्यासाठी बँकेच्या कॅश क्रेडिट खात्यातून, म्हणजे तारण मालाच्या प्रमाणात उचल देणाऱ्या कर्जखात्यातून, पैसे काढले की त्यावर व्याज चालू होते. शिवाय खरेदीवर भरलेल्या जीएसटीची वजावट मिळत असली तरी माल जळाला, चोरीला गेला किंवा हिशेबातून काढून टाकला तर ती वजावट परत करावी लागते. सूक्ष्म व लघु उद्योगांना लेखी करार असल्यास जास्तीत जास्त ४५ दिवसांत पैसे देण्याचे बंधन २००६ च्या कायद्याने घातले असून, ते न पाळणाऱ्या खरेदीदाराला आयकर कायद्यानुसार त्या खर्चाची वजावट प्रत्यक्ष पैसे दिल्यावरच मिळते. फलक तयार करणाऱ्या दुकानाने उद्यम नोंदणी करून तिचा क्रमांक प्रत्येक बिलावर छापला, कोटेशनवर सात किंवा दहा दिवसांची मुदत लिहिली, मालाची रक्कम आणि मजुरी वेगळी दाखवली आणि मालापुरती आगाऊ रक्कम घेऊन त्याच दिवशी खरेदी केली, तर भाववाढीचा बराचसा भार ग्राहकाच्या पैशातून उचलला जातो आणि गाळ्यातली जागा कामासाठी मोकळी राहते.