जास्त आवळलं की जास्त गळतं

शनिवारी दुपारी रेवदंड्याच्या पुलाआधी गाड्यांची रांग लागते. गाडी जागच्या जागी उभी असते आणि एसीच्या झरोक्यातून जळक्या तेलाचा वास यायला लागतो. गाडी धावत असताना वारा तो वास उडवून नेतो, थांबली की तो आत येतो. अशा वेळी बोनेट उघडून इंजिनाच्या माथ्यावरच्या कव्हरची कड बघावी. ती काळपट, ओलसर दिसते, तिला धूळ चिकटून लेप बसलेला असतो आणि एखादा ओघळ खाली तापलेल्या एक्झॉस्ट मॅनिफोल्डवर उतरलेला असतो. गॅरेजमध्ये याचं निदान ठरलेलं: टॅपेट कव्हरचं पॅकिंग गेलं.

निदान बहुतेक वेळा बरोबर असतं. माझी तक्रार आहे ती त्यावरच्या झटपट इलाजाबद्दल. कोणीतरी पाना घेतो, कव्हरचे बोल्ट अर्धा-अर्धा आटा फिरवतो आणि ‘आता नाही गळणार’ म्हणतो. चार दिवस गळत नाही. मग पहिल्यापेक्षा जास्त गळायला लागतं. असं का होतं, हे स्वतःच्या अंगणात कव्हर उघडल्यावर स्वच्छ कळतं.

या कव्हरखाली कॅमशाफ्ट फिरत असतो आणि झडपा उघडमीट करत असतात. त्यांना तेल पाजण्यासाठी पंप ते वरपर्यंत चढवतो आणि काम झालं की ते खालच्या चेंबरमध्ये परत उतरतं. कव्हरच्या कडेपाशी तेल दाबाने येत नाही, नुसतं उडतं. म्हणूनच तिथली गळती पिचकारीची नसते, पाझराची असते. तो पाझर अडवायचं काम एक बोटभरसुद्धा जाड नसलेली रबरी पट्टी करते. नायट्राइल रबर असेल तर शंभर-सव्वाशे अंशांच्या उष्णतेत वर्षानुवर्षं राहून ते कडक होतं आणि दाबलेल्या आकारातच थिजतं. सोडल्यावर पुन्हा फुगायचा गुण गेला की त्याचं पॅकिंगपणच संपलं. मग बोल्ट कितीही आवळा.

आक्षीला हे काम करायला जुलै बरा. नारळ-सुपारीच्या वाडीत चिखल असतो, पण पत्र्याच्या शेडखाली कोरडं असतं, आणि शेजारच्या साखर कोळीवाड्यातले नाखवा घरी असतात. 1 जून ते 31 जुलै असे 61 दिवस यांत्रिक बोटींना मासेमारीची बंदी असते. त्या काळात जाळी विणली जातात, फळ्यांची डागडुजी होते आणि इंजिनं उघडली जातात. यंदा नाखव्यांच्या ओटीवर त्यांच्या जुन्या डिझेल इंजिनाचं दाबीव पत्र्याचं कव्हर येऊन पडलं होतं आणि माझ्या शेडखाली तीन सिलिंडरची, बारा झडपांची पेट्रोल गाडी उभी होती. दोन्हीकडे काम एकच.

सुरुवात निदानापासून करावी. तेल खाली आणि मागे वाहतं, त्यामुळे ते जिथे दिसतं तिथूनच येतं असं नाही. इंजिन धुवून कोरडं करायचं, संशयाच्या कडेवर अंगाला लावायची साधी पावडर भुरभुरायची आणि अलिबागपर्यंत फेरी मारून यायचं. पांढऱ्या पावडरीत सगळ्यात वर जिथे काळी रेघ उमटेल तिथून गळती. ऑइल प्रेशरच्या स्विचमधून किंवा कॅमच्या सीलमधून येणारं तेलसुद्धा पॅकिंगच्या खात्यावर मांडलं जातं, ते या एका फेरीत सुटं होतं.

इंजिन पूर्ण थंड हवं. बॅटरीची निगेटिव्ह वायर काढायची, मग प्लगवरच्या कॉइल. त्यांचे प्लास्टिकचे लॉक उष्णतेने ठिसूळ झालेले असतात, म्हणून ओढण्याआधी दाबायचे. एखाद्या कॉइलची रबरी टोपी तेलाने फुगलेली निघाली तर प्लगच्या विहिरीभोवतालची गोल पॅकिंगंही गेली असं समजायचं. इंजिन मधूनच झटके देत असेल तर त्याचं कारणही बहुधा तेच. ती मुख्य पॅकिंगबरोबरच बदलायची.

इथे किनाऱ्यावरच्या दोन गोष्टी आड येतात. पहिली वाळू. समुद्राची बारीक वाळू वाऱ्याबरोबर बोनेटखाली शिरते आणि कव्हरच्या कोपऱ्यांत, बोल्टच्या खळग्यांत बसून राहते. कव्हर उचलताना त्यातली चिमूट आत पडली तर तेल तिला थेट बेअरिंगपर्यंत नेतं. म्हणून एकही बोल्ट सैल करण्याआधी हवा मारायची, ब्रश फिरवायचा, पुन्हा हवा मारायची. या कामातला सर्वांत कंटाळवाणा भाग हाच आणि सर्वांत महत्त्वाचाही हाच.

दुसरी गोष्ट खारी हवा. बोल्ट पोलादी आणि हेड ॲल्युमिनियमचं. दोन वेगळे धातू, मध्ये खारट ओल, म्हणजे छोटी बॅटरीच तयार होते आणि तीत ॲल्युमिनियम झिजतं. आट्यांत पांढरी भुकटी साचते आणि बोल्ट जाम होतो. हे बोल्ट जेमतेम 6 मिलिमीटरचे. हिसका दिला की मान मोडून हातात येतात. आदल्या संध्याकाळी गंज सोडवणारं तेल सोडून ठेवायचं. सकाळी 10 नंबरची गोटी लावून बोल्ट आधी केसभर आवळायच्या दिशेने हलवायचा, मग उलटा. करकर आवाज आला की थांबायचं, तेल द्यायचं, पुन्हा पुढे-मागे करायचं.

सगळे बोल्ट निघाले तरी कव्हर चिकटून बसतं. फटीत स्क्रूड्रायव्हर घालून उचकटायचा मोह होतो, पण त्याचा एक ओरखडासुद्धा पुढे कायमची गळती होतो. बाजूंनी लाकडी ठोकळ्याने ठोकलं की ते सुटतं. आतला रंग बघून गाडीची सवय कळते. मधासारखा तांबूस थर असेल तर ठीक. काळा चिकट गाळ असेल तर तेल बदलायला उशीर होत आलेला आहे. तेल भरायच्या झाकणाखाली पांढुरका थर असेल तर आधी कूलंट कमी होतंय का ते तपासायचं. कूलंट जागेवर असेल तर पावसाळ्यात बाजारापर्यंतच्या छोट्या फेऱ्यांत इंजिन पुरतं तापत नाही आणि आतली वाफ तेलातच मिसळते, इतकाच त्याचा अर्थ.

जुनं पॅकिंग खोबणीतून निघालं तेव्हा ते सुटं होऊनही पट्टीसारखं चपटंच राहिलं, वाकवल्यावर तुटलं. खोबण प्लास्टिकच्या पट्टीने खरवडायची, हेडची बसायची कड ब्रेक क्लीनर लावलेल्या, धागे न सुटणाऱ्या कापडाने पुसायची. बोटाला तेल लागायचं बंद होईपर्यंत पुसायचं.

तिकडे नाखव्यांना तयार पॅकिंगची गरजच नव्हती. त्यांनी कॉर्कची शीट कव्हरच्या कडेवर ठेवली, आधी बोल्टची भोकं पंचने पाडली आणि त्यांत बोल्ट खोवले, म्हणजे शीट सरकत नाही. मग गोल तोंडाच्या हातोडीने कडेकडेने हलके ठोके दिले. धातूच्या कडेवर कॉर्क आपोआप कापत गेला. पण त्याआधी त्यांनी कव्हर उलटं करून सपाट लोखंडावर ठेवलं होतं आणि बोल्टच्या भोकांभोवती उठलेले फुगवटे ठोकून सपाट केले होते. ते फुगवटे कोणी केले, असं विचारलं. ‘आवळून आवळून झालेत ते. पत्रा बोल्टापाशी दबतो आणि दोन बोल्टांच्या मध्ये वर उचलतो. तेल तिथूनच निघतं,’ ते म्हणाले.

रबर आणि कॉर्क यांचा स्वभावही वेगळा आहे. रबर दाबल्यावर आकारमानाने कमी होत नाही, फक्त बाजूला सरकतं; म्हणून त्याला खोबणीत मोकळी जागा ठेवलेली असते. कॉर्कच्या पेशींत हवा असते, तो जागच्या जागी दबतो आणि बाजूला जवळजवळ फुगत नाही, म्हणून त्याला खोबण लागत नाही. मात्र मर्यादेपलीकडे दाबला की तो चिरतो.

माझं नवं रबरी पॅकिंग खोबणीत कोरडंच बसवलं. सिलिकॉनची ट्यूब हातात आली की सगळीकडे फिरवावीशी वाटते, पण ती लागते फक्त जिथे दोन भागांचा सांधा पॅकिंगखालून जातो त्या कोपऱ्यांत, तीही थेंबभर. जास्त झालेलं सिलिकॉन आत दाबलं जातं, त्याचे तुकडे सुटतात आणि खाली तेलाच्या जाळीत अडकतात. हे सिलिकॉन हवेतल्या ओलाव्याने घट्ट होतं, म्हणजे कोकणातला जुलै निदान या एका कामी उपयोगी पडतो. तरी एक रात्र गाडी चालू केली नाही.

कव्हर बसवताना पॅकिंग खोबणीतून लोंबत नाही ना, हे चहूबाजूंनी बोट फिरवून बघायचं. बोल्ट आधी सगळे हाताने, मग मधल्यापासून बाहेरच्या दिशेने, दोन-तीन फेऱ्यांत. अशा बोल्टांना साधारण 8 ते 11 न्यूटन-मीटर एवढाच पीळ लागतो. नेमका आकडा त्या गाडीच्या सर्व्हिसच्या पुस्तिकेत बघावा. 10 न्यूटन-मीटर म्हणजे 25 सेंटिमीटरच्या दांड्यावर 4 किलोचा जोर. मनगट पुरतं, खांदा लागत नाही. पुष्कळ नव्या इंजिनांत बोल्टला खांदा असतो. तो टेकला की पॅकिंगवरचा दाब ठरल्याप्रमाणे बसला. त्यापुढचा सगळा जोर बोल्ट ताणण्यात जातो.

राहता राहिला मूळ प्रश्न: पॅकिंग वेळेआधी का जातं? पिस्टनच्या रिंगांच्या फटीतून थोडा वायू नेहमीच खाली निसटतो. त्याला बाहेर जायला वाट लागते. पेट्रोल गाडीत ती वाट पीसीव्ही वाल्व्हमधून इनटेककडे जाते. वाल्व्ह गाळाने बंद झाला किंवा नळी आतून चिकटली की वायू कोंडतो आणि तेलाला सगळ्यात कमकुवत कडेने बाहेर ढकलतो. नाखव्यांच्या इंजिनाला साधं जाळीचं ब्रीदर आहे. ते काजळीने गच्च भरलं होतं. त्यांनी डिझेलमध्ये धुऊन वाळत ठेवलं. तपासणी सोपी आहे: गाडी आयडलवर ठेवून तेलाचं झाकण काढायचं आणि तोंडावर कागदाचा तुकडा ठेवायचा. तो अलगद ओढला जाऊन टेकला तर वाट मोकळी. फडफडत वर उडाला तर आत कोंडमारा आहे आणि नवं पॅकिंगसुद्धा फार दिवस टिकणार नाही.

काशीदच्या चढणीवरून मुरूडपर्यंत जाऊन आल्यावर कड कोरडी होती. माझे बोल्ट पुन्हा तपासायची गरज नाही. नाखवा मात्र ऑगस्टमध्ये इंजिन पहिल्यांदा तापून थंड झालं की आपले बोल्ट हलकेच एकदा बघतील, कारण कॉर्क दबून बसतो. तेवढंच आवळणं न्याय्य. एरवी कोणी ‘पॅकिंग गेलं’ म्हणालं तर पाना उचलण्याआधी कागदाचा तुकडा घ्यावा.